‘सिलिकॉनमुक्त’ म्हणजे कशापासून मुक्त?

गेल्या पावसाळ्यात विज्ञान-शिक्षकांच्या एका शिबिरात आमचे सत्र संपल्यावर एक शिक्षिका मागे थांबून राहिल्या. त्यांनी पिशवीतून दोन वस्तू काढून टेबलावर ठेवल्या. एक होते तान्ह्या बाळांच्या मलमाचे घडी पडलेले माहितीपत्रक आणि दुसरी होती लंगोटाच्या जागी लावायच्या मलमाची अर्धी वापरलेली ट्यूब. त्यांची मुलगी बाळंतपणाला माहेरी आलेली होती. बाळ दीड महिन्याचे. त्याच्या मांडीच्या सांध्यात लाली आली, डॉक्टरांनी ही ट्यूब लिहून दिली, लाली उतरू लागली. तेवढ्यात कुणा मैत्रिणीकडून ते पत्रक आले. त्यावर ठळक अक्षरांत छापले होते, की हे मलम सिलिकॉनमुक्त आहे, केमिकलमुक्त आहे आणि बाळाच्या त्वचेला श्वास घेऊ देते. ट्यूबवरच्या घटकांच्या यादीत ‘डायमेथिकोन’ हे नाव सापडले. मुलीने ट्यूब बंद केली आणि पत्रकातले मलम मागवले. चार दिवसांत लाली परत आली आणि या वेळी कातडी सोलवटली.

“तुम्ही रसायनशास्त्रातली माणसे. सिलिकॉन बाळाला चालते की नाही, एवढे एकच सांगा,” बाई म्हणाल्या.

आम्हांला एस.टी. गाठायची होती. “अहो, सिलिकॉन म्हणजे वाळूतले मूलद्रव्य. त्याला कशाला घाबरायचे?” असे म्हणून आम्ही मोकळे झालो. गाडी फाट्यावरून वळेपर्यंत लक्षात आले, की आमचे उत्तर त्या पत्रकाइतकेच चुकीचे होते. पत्रकाने एका शब्दाने घाबरवले, आम्ही त्याच शब्दाने धीर दिला. पदार्थाकडे दोघांनीही पाहिले नाही. ते पत्रक आम्ही बरोबर आणले होते. त्याचे परीक्षण आणि त्याबरोबर आमच्या उत्तराचेही, असे या लेखाचे स्वरूप आहे.

आधी शब्दाचा घोळ निस्तरू. आपल्या पाठ्यपुस्तकात सिलिकॉन हे मूलद्रव्य येते, अणुक्रमांक १४, आवर्तसारणीत कार्बनच्या खालच्या घरातले. मलमात असते ते हे नव्हे. तो कृत्रिम संयुगांचा एक मोठा गट असून इंग्रजीत त्याचे नाव मूलद्रव्याच्या नावापेक्षा शेवटच्या एका अक्षराने वेगळे आहे. मराठी वर्तमानपत्रे दोन्हींना सर्रास सिलिकॉन म्हणतात. या लेखात आम्ही मूलद्रव्याला सिलिकॉन आणि संयुगांना सिलिकोन म्हणणार आहोत. वर्गातही ही सवय लावून घ्यायला हरकत नाही.

‘ओन’ हे शेपूट आले कीटोनवरून. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे फ्रेडरिक किपिंग हे रसायनशास्त्रज्ञ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कार्बन आणि सिलिकॉन यांची एकत्र संयुगे करत होते. कीटोनमध्ये कार्बनला ऑक्सिजन दुहेरी बंधाने जोडलेला असतो. तसेच काहीतरी सिलिकॉनचे मिळेल या अपेक्षेने त्यांनी हे नाव ठेवले. मिळाला तो चिकट, डिंकासारखा राळा. सिलिकॉन ऑक्सिजनशी दुहेरी बंध करून बसत नाही. तो एका ऑक्सिजनचा हात धरतो, तो ऑक्सिजन पुढच्या सिलिकॉनचा, आणि अशी माळ वाढत जाते. नाव चुकीच्या कल्पनेवर ठेवलेले, पण टिकले. या पदार्थांच्या उपयोगाबद्दल खुद्द किपिंग यांना फारशी आशा नव्हती. पुढे १९४० साली अमेरिकेत युजीन रोशो यांनी सिलिकॉनची भुकटी आणि मिथाइल क्लोराइड यांच्यापासून तांब्याच्या सान्निध्यात सिलिकोनचा कच्चा माल थेट बनवण्याची रीत शोधली, आणि मग विमानाच्या इंजिनापासून बाळाच्या बाटलीच्या बोंडापर्यंत सिलिकोन सगळीकडे पोहोचले.

आता रेणूकडे पाहू. वाळूतही सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन अशीच जोडणी असते, पण तिथे प्रत्येक सिलिकॉन चारही बाजूंनी ऑक्सिजनने जखडलेला असल्याने एक कठीण जाळे तयार होते. सिलिकोनमध्ये चारपैकी दोन हातांवर ऑक्सिजन आणि उरलेल्या दोन हातांवर मिथाइल गट असतात. त्यामुळे जाळे न होता लवचिक साखळी होते. या साखळीतला सिलिकॉन-ऑक्सिजन बंध कार्बन-कार्बन बंधापेक्षा लांब आणि बळकट. ऑक्सिजनपाशी होणारा कोनही ऐसपैस, १४० अंशांच्या पुढचा. साखळी स्वतःभोवती सहज वळते. तिच्यावर मिथाइल गटांची झालर असल्याने ती पाण्याला जवळ येऊ देत नाही. पाण्याचा पृष्ठताण मीटरला ७२ मिलीन्यूटन, या तेलाचा २१ च्या आसपास. म्हणून ते कातडीवर थेंबाच्या रूपात न थांबता पातळ थरासारखे पसरते. हात फिरवल्यावर जो रेशमी गुळगुळीतपणा लागतो तो याचाच. डायमेथिकोन म्हणतात ते हेच. त्याचा रेणुभार हजारांत, कधी लाखांत असतो.

पण साखळीची दोन टोके जुळली तर वलय होते. चार दुव्यांचे वलय म्हणजे डी-४, पाचाचे डी-५, सहाचे डी-६. घटकांच्या यादीत यांची नावे ‘सायक्लो’ने सुरू होतात. सायक्लोपेंटासिलोक्झेन म्हणजे डी-५, आणि सायक्लोमेथिकोन म्हणजे अशा वलयांचे मिश्रण. घटक तेच, बंध तेच, फक्त आकार वेगळा आणि वर्तन मात्र पार निराळे. डी-४ चा रेणुभार २९७, डी-५ चा ३७१. हे हलके द्रव आहेत, हवेत उडून जातात. साखळी जागच्या जागी बसते आणि वलय भटकते, असे म्हटले तर रसायनशास्त्रज्ञ नाक मुरडतील, पण पुढच्या साऱ्या वादाचे मूळ या एका फरकात आहे. पत्रकात हा फरक कुठेच नाही. ते सरसकट सगळ्यांपासून मुक्त आहे.

पत्रकातला पहिला दावा श्वासाचा. त्वचेला श्वास घेऊ द्या, हे वाक्य ऐकायला इतके गोड आहे, की त्याचा अर्थ विचारण्याचे कोणाला सुचत नाही. अर्थ घ्यायचाच तर दोन घेता येतात, एक हवा आत जाण्याचा आणि दुसरा वाफ बाहेर पडण्याचा. ऑक्सिजन आरपार जाऊ देण्यात सिलिकोनची बरोबरी करणारी बहुवारिके फार थोडी आहेत. डोळ्याच्या पारदर्शक पटलाला हवेतूनच ऑक्सिजन घ्यावा लागतो, म्हणून काँटॅक्ट लेन्समध्ये सिलिकोन मिसळले जाऊ लागले ते याच गुणासाठी. वाफेचे म्हणाल तर पेट्रोलियम जेली ती जवळपास पूर्ण अडवते, डायमेथिकोनचा थर बराच कमी अडवतो. आणि पत्रकातल्या मलमाचे घटक काय? पहिले खोबरेल, दुसरे मधमाशांचे मेण. मेणाचा थर सिलिकोनपेक्षा अधिक घट्ट! वाफ अडवणे हा दोषच असेल, तर तो या मलमात जास्त आहे. खरे तर लंगोटाच्या जागी थोडेसे अडवणारे काहीतरी हवेच असते. मलमूत्र आणि कातडी यांच्यामध्ये एक पडदा घालणे हेच त्या मलमाचे काम.

मग त्या बाळाची लाली मलम बदलल्यामुळे परत आली का? आम्ही तसे म्हणणार नाही. लंगोटाची लाली येते आणि जाते. त्याच आठवड्यात बाळाला दोनदा पातळ शी झाली असेल तर तेवढेही पुरते. पत्रकातल्या मलमात लॅव्हेंडरचे तेलही होते, त्याने चुरचुर वाढली असेल, नसेलही. एका बाळावरून काही सिद्ध होत नाही. हे आम्ही बाईंना पत्रातही लिहिले. आपल्या बाजूचे उदाहरण हाती आले की ते पुरावा म्हणून वापरण्याचा मोह पत्रककारांना होतो तसा शास्त्रज्ञांनाही होतो.

पत्रकाला एका गोष्टीचे श्रेय द्यायला हवे. नवजात त्वचा वेगळी असते, हे त्याने सांगितले आहे आणि ते खरे आहे. त्वचेचा सर्वांत बाहेरचा, मृत पेशींचा थर म्हणजे शृंगस्तर. तोच खरा पहारेकरी. लहान बाळांत तो मोठ्यांपेक्षा सुमारे ३० टक्के पातळ मोजला गेला आहे. मोठ्या माणसाच्या त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो. बाळ जन्मते तेव्हा तो जवळजवळ उदासीन असतो आणि आम्लता यायला काही आठवडे जातात. लंगोटाखाली तर मूत्रातल्या युरियाचा अमोनिया होऊन ही आम्लता पुन्हा पुसली जाते आणि शीमधील पाचक विकरे कातडीवर काम करू लागतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची गोष्ट आणखी निराळी. बत्तीसाव्या आठवड्याच्या आत जन्मलेल्या बाळाचा शृंगस्तर पुरता तयारच नसतो. त्याच्या बाबतीत या लेखातला कोणताही हिशेब वापरू नये, तिथे फक्त डॉक्टरांचे ऐकावे.

यात साध्या भूमितीची भर पडते. तीन किलोच्या बाळाच्या त्वचेचे क्षेत्रफळ अंदाजे ०.२ चौरस मीटर, म्हणजे दर किलो वजनामागे सुमारे ६७० चौरस सेंटिमीटर. साठ किलोच्या प्रौढाचे १.६५ चौरस मीटर धरले तर दर किलोमागे २७५. त्वचेतून काही आत जाणारच असेल, तर सर्वांगाला लावल्यावर बाळाच्या वाट्याला वजनाच्या मानाने जवळजवळ अडीच पट येणार. घनाची बाजू निम्मी केली की पृष्ठफळ आणि घनफळ यांचे गुणोत्तर दुप्पट होते, हे आपण आठवीत शिकवतो. त्या गणिताला बाळाच्या मालिशइतके चांगले उदाहरण आम्हांला दुसरे ठाऊक नाही.

ही भीती कागदावरची नाही. १९७२ साली फ्रान्समध्ये बाळांच्या एका टाल्कम पावडरीत चुकून हेक्झाक्लोरोफीन हे जंतुनाशक सहा टक्क्यांहून जास्त प्रमाणात मिसळले गेले. २०४ मुलांना विषबाधा झाली आणि ३६ मुले दगावली. कोणीही ती पावडर गिळली नव्हती. ती फक्त अंगाला, मुख्यतः लंगोटाच्या जागी लावली होती. म्हणून ‘वरूनच तर लावायचे आहे’ हे वाक्य बाळाच्या बाबतीत कधीही उच्चारू नये.

आता मूळ प्रश्न. डायमेथिकोन त्वचेतून आत जाते का? त्वचाशास्त्रात एक ढोबळ नियम वापरतात, की ५०० डाल्टनपेक्षा मोठा रेणू धडधाकट शृंगस्तरातून सहसा पार होत नाही. डायमेथिकोन त्याच्या कितीतरी पुढे. त्याहून बोलका पुरावा पोटाचा आहे. पोटात वायू धरला म्हणून बाळांना जे सिमेथिकोनचे थेंब देतात, ते म्हणजे थोडी सिलिका मिसळलेले डायमेथिकोनच. शोषून घेणे हेच ज्याचे काम, त्या आतड्यातूनही ते शोषले न जाता शीवाटे बाहेर पडते. थेंबांचा रडण्यावर उपयोग होतो का, हा वेगळा प्रश्न. २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात तसा पुरावा मिळाला नाही. पण जे आतड्यातून आत जात नाही ते कातडीतून जाईल, असे मानायला कारण दिसत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डायमेथिकोनला १ ते ३० टक्के या प्रमाणात त्वचारक्षक म्हणून मान्यता दिलेली आहे. नवजात अतिदक्षता विभागात नळ्या आणि तारा चिकटवताना सिलिकोनची चिकटपट्टी पसंत करतात, कारण ती काढताना बाळाची कोवळी कातडी सोलून निघण्याचा धोका कमी असतो.

इतके सांगितल्यावर ‘पूर्णपणे सुरक्षित, सिद्ध झालेले’ असे छापणाऱ्या दुसऱ्या बाजूच्या कंपन्यांना बरे वाटेल. त्यांनी जरा थांबावे. सौंदर्यप्रसाधनांच्या घटकांची छाननी करणारे जे अमेरिकी तज्ज्ञमंडळ डायमेथिकोनला सुरक्षित म्हणते, ते उद्योगाच्याच पैशावर चालते. म्हणून त्याचे निष्कर्ष खोटे ठरत नाहीत, पण वाचकाला ते माहीत असायला हवे. शिवाय उपलब्ध चाचण्यांपैकी बहुतेक प्राण्यांवरच्या किंवा प्रौढ माणसांवरच्या आहेत. नवजात बाळांबद्दल आपण जे बोलतो ते अनुमान आहे. साखळीच्या बाबतीत ते भक्कम अनुमान आहे. रेणूचा आकार, आतड्याचा अनुभव आणि अनेक दशकांचा वापर असे तीन वेगवेगळे रस्ते एकाच ठिकाणी पोहोचतात. पण अनुमानाला सिद्धता म्हणू नये. आणि ‘त्वचातज्ज्ञांनी तपासलेले’ या शब्दांत तर किती जणांवर, किती दिवस, कोणत्या वयाच्या त्वचेवर, यांपैकी कशाचेही उत्तर नसते.

वलयांकडे वळू, कारण भीतीचे खरे बीज तिथे आहे. डी-४ ची वाफ मोठ्या प्रमाणात हुंगवल्यावर उंदरांच्या जननक्षमतेवर परिणाम दिसला. युरोपीय संघाने त्याची नोंद जननक्षमतेला घातक असल्याचा संशय असलेला पदार्थ अशी केली आणि २०१९ च्या नियमाने सौंदर्यप्रसाधनांतून त्याला बाद केले. डी-५ ची गोष्ट वेगळी आहे. युरोपच्या वैज्ञानिक समितीने २०१६ साली, प्रसाधनांतल्या तेव्हाच्या वापराच्या प्रमाणात ते माणसाला सुरक्षित ठरवले, पण केसांचे आणि उन्हापासून संरक्षणाचे फवारे त्यातून वगळले, कारण फवारा श्वासातून आत जातो. तरीही २०१८ च्या नियमाने धुऊन टाकायच्या प्रसाधनांत डी-४ आणि डी-५ यांना ०.१ टक्क्याची मर्यादा घातली गेली. ती ३१ जानेवारी २०२० नंतर लागू झाली. २०२४ च्या नियमाने ती डी-६ पर्यंत आणि अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांपर्यंत वाढवली. या शेवटच्या गटासाठी ६ जून २०२७ ही तारीख ठरवली आहे.

पत्रक याचा अर्थ कसा लावते पाहा. त्याच्या मागच्या पानावर लिहिले आहे, ‘युरोपने बंदी घातलेले विषारी सिलिकॉन’. नियम खरा, विशेषण खोटे. २०१८ आणि २०२४ च्या नियमांमागचे कारण पर्यावरणाचे आहे. ही वलये सांडपाण्यातून गाळात जातात, तिथे फार काळ टिकून राहतात आणि जलचरांच्या शरीरात साठतात. यावरही एकमत आहे असे नाही. कॅनडात २०११ साली पुनर्विचार मंडळाने डी-५ पासून पर्यावरणाला धोका नाही असा निर्णय दिला. एकाच पदार्थावर दोन जाणते देश वेगळे निष्कर्ष काढतात, हे मुलांना सांगण्यासारखे आहे. पण माशाच्या शरीरात साठण्यावरून आईला घाबरवणे ही लबाडी आहे. आणि हा बंदीचा मुद्दा डायमेथिकोनच्या ट्यूबवर चिकटवणे ही तर निव्वळ फसवणूक, कारण त्या यादीत साखळीचे नावच नाही.

मग बाळाच्या त्वचेपुरते वलयांचे काय? थोडा हिशेब करू. समजा मलमात ५ टक्के डी-५ आहे आणि दिवसाला ४ ग्रॅम मलम लागते. म्हणजे २०० मिलिग्रॅम डी-५. प्रयोगशाळेत मानवी त्वचेच्या तुकड्यांवर केलेल्या मोजणीत लावलेल्या डी-५ पैकी सुमारे ०.०४ टक्के शोषले गेले. बहुतेक सारे हवेत उडाले. म्हणजे ०.०८ मिलिग्रॅम, तीन किलोच्या बाळाला किलोमागे तीन शतांश मिलिग्रॅमच्याही आत. अगदीच किरकोळ. कंपनीचा माणूस इथे पेन खाली ठेवेल.

आम्ही ठेवणार नाही. तो ०.०४ टक्के हा आकडा प्रौढ, अखंड त्वचेचा आहे आणि तो इतका लहान का आहे, तर पदार्थ उडून जातो म्हणून. बाळाच्या सोलवटलेल्या मांडीवर मलम लावून वर प्लॅस्टिकचे आवरण असलेला लंगोट आवळून बांधला, तर उडून जायला वाट कुठे आहे? जी अट धरून आकडा मिळाला ती अटच इथे मोडते. आकडा दुप्पट होईल की वीसपट, हे मोजल्याशिवाय कोणी सांगू नये. सुरक्षिततेच्या हिशेबात प्राण्याकडून माणसाकडे येताना दहापट आणि माणसामाणसांतील फरकासाठी दहापट असे शंभरपट अंतर ठेवतात. ते इथे पुरेही. पण ‘पुरेल’ आणि ‘मोजले आहे’ यांत फरक आहे. शिवाय हे वलय मलमात असते कशासाठी? मलम हलके वाटावे, चिकटू नये, बोटाला सुखद लागावे यासाठी. हे सुख लावणाऱ्या बोटाचे आहे. बाळाला त्याचा काही लाभ नाही. ज्याचा लाभ नाही त्याचा लहानसा अज्ञात धोकाही बाळाने का घ्यावा? म्हणून आमचे मत असे, की नवजात बाळाच्या, विशेषतः लंगोटाखालच्या मलमात ‘सायक्लो’चे नाव असेल तर दुसरे मलम घ्यावे. त्यासाठी ते विषारी आहे असे म्हणण्याची गरज नाही.

यादी वाचायची कशी, हेही सांगायला हवे. आपल्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार १ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने द्यावे लागतात. १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर, कोणत्याही क्रमाने. तेव्हा पहिली चार-पाच नावे महत्त्वाची. पत्रकातल्या मलमाच्या वेष्टनाची प्रत बाईंनी आम्हांला पाठवली, तीत शेवटी कापराचेही नाव होते.

इथे मात्र आम्ही चरकलो. कापूर नैसर्गिक आहे, देवघरात आहे, त्यामुळे ‘केमिकलमुक्त’ या शब्दात त्याला सहज जागा मिळते. त्याचा रेणुभार १५२. ५०० च्या नियमात तो कुठल्या कुठे आत बसतो, तेलात विरघळतो आणि त्वचेतून शोषला जातो. कापूर पोटात गेल्याने आणि अंगाला चोळल्यानेही लहान मुलांना झटके आल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. अमेरिकेने १९८३ साली मोठ्यांच्या औषधांतही त्याला ११ टक्क्यांची कमाल मर्यादा घातली. सर्दी झाली की खोबरेलात कापूर घालून बाळाच्या छातीला चोळणे आपल्याकडे घरोघर चालते. आमच्याही घरी चालत असे. म्हणजे जो रेणू आत जात नाही त्याला हाकलून, जो आत जातो आणि तिथे उपद्रव करतो त्याला या पत्रकाने मानाने आत घेतले. केमिकलमुक्त म्हणजे काय, पाणीमुक्तसुद्धा का, असा विनोद शिक्षकांत नेहमी होतो. तो करून आपण थांबतो आणि खरा प्रश्न राहून जातो, की काढलेल्याच्या जागी काय घातले?

मुळात धडधाकट बाळाला रोज काही लावायलाच हवे का, हेही कोणतेच पत्रक विचारत नाही. ढाक्यातील शिशु रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सूर्यफुलाचे तेल चोळल्याने जंतुसंसर्ग लक्षणीय प्रमाणात घटल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. ती रुग्णालयातली, देखरेखीखालची, अतिशय नाजूक बाळे होती. याउलट ब्रिटनमध्ये इसबाची आनुवंशिकता असलेल्या सुमारे १४०० पूर्ण दिवसांच्या बाळांपैकी निम्म्यांना वर्षभर रोज मलम लावले. २०२० मध्ये निष्कर्ष आला, की इसब टळला नाही, आणि त्वचेचे संसर्ग मलमाच्या गटात थोडे जास्तच झाले. ही मलमे पॅराफिनची होती, तेव्हा दोष सिलिकोनला देता येत नाही आणि श्रेयही. आजीच्या हातच्या मालिशची बाजू या आकड्यांत येत नाही, तिच्यात स्पर्श आहे, गाणे आहे, बाळंतिणीची विश्रांती आहे. त्यावर आम्ही काही बोलणार नाही. फक्त तेलात कापूर नको.

बाईंना आम्ही जे पत्र पाठवले त्यात आमची चूक आधी कबूल केली. मग लिहिले, की डॉक्टरांची ट्यूब पुन्हा सुरू करण्याबद्दल डॉक्टरांनाच विचारा. डायमेथिकोनच्या कारणाने ती बंद ठेवण्याची गरज आम्हांला दिसत नाही. कापराचे मलम मात्र आजच बाजूला ठेवा. सोबत एक प्रयोगही सुचवला. केसांना लावायचे जे सीरम मिळते, त्याच्या यादीत सायक्लोपेंटासिलोक्झेन पहिले आणि डायमेथिकोन किंवा डायमेथिकोनॉल दुसरे असते. त्याचे दहा थेंब घड्याळकाचेवर पसरावेत, दुसऱ्या काचेवर तितकेच खोबरेल. वजनकाटा मिलिग्रॅम दाखवणारा असेल तर दर तासाला, नसेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावे. खोबरेल आहे तेवढेच राहते. सीरमचे वजन घटत जाते आणि एका जागी येऊन थांबते. गेले ते वलय, राहिली ती साखळी.

बाईंनी नववीच्या वर्गात प्रयोग केला. बाळ आता बरे आहे, आणि नातवाची ट्यूब डॉक्टरांनी दुसरी लिहून दिली, तिच्यात झिंक ऑक्साइड आहे, सिलिकोन नाही, असे त्यांनी कळवले. वजनांचा तक्ताही पाठवला. खाली एका मुलीचा प्रश्न लिहिला होता. काचेवरून उडाले ते वर्गाच्या हवेतच राहिले ना, मग बाळाच्या अंगावरून उडाले की ते बाळाच्या नाकाशीच असणार ना? तिला आम्ही लिहिले, की हा प्रश्न युरोपच्या समितीने फवाऱ्यांच्या बाबतीत विचारला होता. आणि पुढच्या वेळी प्रयोग करताना खिडक्या उघड्या ठेवा.